बनसोडे सरांची नळी

२०१६ साल. मी सहासष्ट वर्षांचा. महाळुंग्याचं घर भावाच्या हवाली करून मी मुलाच्या, संतोषच्या, चिखलीतल्या फ्लॅटवर राहायला आलो होतो आणि आल्यापासून तिथल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढत होतो. लिफ्ट हळू, जिना अरुंद, बाक चुकीच्या तोंडाला बांधलेला. अशात एके सकाळी पार्किंगमधल्या नळापुढं एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. पांढरा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन आणि पेनाशेजारी कानात औषध घालायचा ड्रॉपर. नळ ठिबकत होता आणि हा गृहस्थ ते ठिबकणं बघत होता.

"वॉचमनला सांगा, वायसर बदलंल," मी म्हणालो.

"सांगितलंय. येईल तो. पण थांबा, आधी बघू."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. नळाच्या तोंडाशी थेंब धरला होता. तो फुगला, लोंबला, त्याची मान बारीक होत गेली आणि तुटली. मोठा थेंब पडला आणि त्याच्यामागोमाग मोहरीएवढा एक बारका थेंब पडला, तो मी जन्मात कधी बघितला नव्हता.

"दिसलं?"

"काय दिसायचं? पाणी गळतंय."

"गळतंय खरं. पण लगेच कुठं गळतं? आधी लोंबतं. कशानं धरलंय त्याला?"

मी खांदे उडवले.

"पाण्याला कातडं असतं. डोळ्याला दिसत नाही, पण असतं. वजन पेलेल तोवर धरतं, मग सोडतं."

मला हा माणूस येडा वाटला आणि तसं मी तोंडावर म्हणालो. त्यांना राग आला नाही. "पोरंही हेच म्हणायची," एवढंच बोलले आणि पुढच्या थेंबाकडं वळले.

हे बनसोडे सर. आमच्या समोरच्या दारात राहायचे. वडील पिंपरीच्या एका कंपनीत कामगार होते, आणि हे शिकून महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझी गाठ पडली तेव्हा त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुलगी सुषमा नाशिकला. घरात एक बुद्धाची मूर्ती, पुस्तकं, आणि उरलेल्या जागेत काचेची भांडी, नळ्या, गाळण्या, सुया. शाळेची प्रयोगशाळा मोडीत निघाली तेव्हा जे कुणी नेलं नाही ते सगळं यांच्याकडं आलं होतं.

माझे वडील त्या घरी पाणी प्यायले नसते. मी चहा प्यायलो. पण तो गार झाल्यावर प्यायलो, कारण सर माझ्या कपात तोंड घालून कडेला चिकटलेला फेस मला दाखवत बसले होते. बारके बुडबुडे कसे जातात, मोठे कसे राहतात, कडेला कसे ओढले जातात.

"सर, च्या प्यायचा का वाचायचा?"

"आधी वाचू, मग पिऊ."

त्यांची एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या मास्तरात बघितली नाही. ते कधी "समजलं का?" असं विचारत नसत. "दिसलं?" विचारत. नाही म्हटलं तर परत दाखवायचे, चिडायचे नाहीत. त्यांचे विद्यार्थी सगळ्या पिंपरी-चिंचवडात पसरलेले. कुणी रिक्षावर, कुणी भोसरीत लेथवर, कुणी हिंजवडीत कॉम्प्युटरवर. ते रस्त्यात भेटले की नमस्कार करत नसत. लांबूनच ओरडायचे, "दिसलं, सर!" एकदा भाजीला गेलो होतो, तर पाण्याचा टँकर भर चौकात थांबला. ड्रायव्हरनं काच खाली करून आरोळी दिली, "दिसलं, सर!" मागं हॉर्नचा कालवा. सरांच्या हातात अळूची जुडी होती. पानावर पाण्याचा मोत्यासारखा गोळा इकडून तिकडं पळत होता. त्यांनी ते पान तसंच उंच धरून त्याला दाखवलं. तो बघून हसला आणि मग टँकर हलला.

आता माझ्या कामाचं सांगावं लागंल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची जमीन गेली तेव्हा मला गाड्यांच्या पेट्रोलटाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत घेतलं. शिक्षण चौथी. पण डोळा चांगला म्हणून लीक टेस्टला लावलं आणि रिटायर होईपर्यंत मी तिथंच होतो. टाकीची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि टाकी पाण्याच्या हौदात बुडवायची. वेल्डिंगमधे कुठं सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर तिथून बुडबुडा सुटणार. बुडबुडा दिसला की खडूची खूण करायची आणि टाकी बाजूला. माझ्या हातून गळकी टाकी बाहेर गेली नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

सरांना हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मलाच संकोच वाटला. "म्हणजे नाना, आयुष्यभर तुम्ही बुडबुडे बघितलेत!"

"बघितले न्हाईत. पकडले."

यावरूनच आमचं भांडण लागलं. संध्याकाळी त्या चुकीच्या तोंडाच्या बाकावर आम्ही पाच-सहा म्हातारे बसायचो. एक दिवस सर काचेची एक नळी घेऊन आले. फुंकायचं तोंड वर, खाली दोन फाटे, फाट्यांना तोट्या. दोन्ही टोकं साबणाच्या पाण्यात बुडवून त्यांनी एका टोकाला लिंबाएवढा बुडबुडा फुगवला, दुसऱ्या टोकाला बोराएवढा. फुंकायचं तोंड अंगठ्यानं बंद केलं.

"आता या दोघांमधली वाट मी उघडणार. हवा कुठून कुठं जाईल?"

मी सगळ्यांच्या आधी बोललो. माझा हा विषय. "मोठ्यातून बारक्यात. ज्येच्यात हवा जास्त, त्येचा दाब जास्त. दोन्ही सारखे व्हनार."

"थांबा, आधी बघू."

त्यांनी तोट्या फिरवल्या. बारका बुडबुडा आणखी बारका झाला, आणखी झाला, आणि नळीच्या तोंडाशी नुसता पडदा राहिला. मोठा तेवढा फुगला.

बाकावरचे पवार भाऊ टाळ्या पिटायला लागले. "नाना, घ्या! तीस वर्षं काय हौदात म्हशी धुतल्या का काय?"

"नळी तिरकी हाय," मी म्हणालो.

सरांनी परत केलं. परत बारकाच गेला.

"तिरकीच धरली तुमी."

सर समजावत होते. जितका बुडबुडा लहान, तितकं त्याचं कातडं जास्त वळलेलं, तितकं ते आतल्या हवेला जास्त आवळतं. म्हणून दाब बारक्यात जास्त. "फुगा आठवा, नाना. अगदी तसंच नाही, पण आठवा. पहिली फुंकर सगळ्यात जड जाते की नाही? एकदा फुगला की मग सोपा." मी ऐकून घेतलं नाही. उठलो, घरी आलो. त्यानंतर कितीतरी दिवस पवार भाऊ मला बघितलं की विचारायचे, "काय नाना, नळी सरळ झाली का?" मी म्हणायचो, "नळी व्हती तशी तिरकीच हाय."

सर मात्र एकदासुद्धा मला हरलात म्हणाले नाहीत. "मानू नका," म्हणायचे, "बघत राहा."

आमचं परत जुळलं ते गॅसच्या सिलेंडरवरून. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना वास यायला लागला, त्यांनी मला हाक मारली. मी वाटीत साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या जोडावर लावला आणि खाली वाकलो, तर माझ्या खांद्याशेजारी आणखी एक डोकं. सर. जोडावर बुडबुडा सावकाश वर येत होता.

"नाना, बघा, किती संथ वाढतोय. आधी जोर लागला, आता आपोआप—"

"अहो सर!" त्या बाई पोराला कडेवर घेऊन दारात उभ्या. "आधी बंद करा हो, मग शिकवा!"

मी सिलेंडर बंद केला, रबर बदलायला लावलं. जिना उतरताना सर म्हणाले, "तुमच्यामुळं वाचलो. मी बघतच बसलो असतो." तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं घरोघर जाऊन जोड तपासायला लागलो. मी फेस लावायचा, त्यांनी बघायचं. त्यांनी घरातल्या पोरांना बोलावून दाखवायचं, मी तोवर सिलेंडरच्या तोटीवर हात ठेवून उभं राहायचं.

मग २०१९ साली आमच्या सोनालीला, म्हणजे सुनेला, सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. माझ्या दोन तळहातांत मावली असती, पण हातात कुणी दिली नाही. जन्मल्यावर रडली नाही, कण्हली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर पोरगेलेसे होते. त्यांनी संतोषला सांगितलं की फुप्फुसं उघडी राहत नाहीत, एक औषध नळीनं आत सोडलंय, आता वाट बघायची. संतोषनं मला सांगितलं. मी विचारलं, "औषध छातीत सोडलं? पातळ औषध? फुप्फुसात?" दुधासारखं पांढरं होतं म्हणाला. माझं डोकं तिथंच फिरलं. लेकराच्या फुप्फुसात पाणी घालतात का कुठं!

दुपारी मला काचेतून बघू दिलं. नातीच्या नाकाला नळी लावलेली. ती नळी मी डोळ्यानं धरत गेलो. पेटीबाहेर आली, खाली उतरली आणि शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडाली. आणि त्या बाटलीत बुडबुडे येत होते. एखाददुसरा नाही. खळाखळा.

माझ्या जन्माचं काम ते. पाण्यात बुडबुडा म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"लीक हाय!" मी ओरडलो. "मशीन लीक हाय! पोरीची हवा सगळी भाईर चाललीया!"

सिस्टर धावत आल्या. "आजोबा, आवाज नका करू. ते तसंच असतं."

"तसंच असतं? मला शिकवता? अशा टाक्या बाजूला काढल्यात मी!"

मी संतोषला बाहेर ओढलं. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ताच्या आत्ता. डॉक्टर आले, म्हणाले, या अवस्थेत हलवलं तर वाटेत काहीही होऊ शकतं. मी म्हणालो, इथं गळक्या मशीनवर ठेवलं तर काय होणार ते मला दिसतंय. सोनाली वर वॉर्डात, टाके पडलेली, तिला काही विचारायची सोय नव्हती. संतोषनं आजवर माझा शब्द मोडला नव्हता. त्यानं डोळे पुसत ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी खाली येऊन उभी राहिली. कागदावर संतोषची सही तेवढी राहिली होती.

पण पोरानं त्याआधी आणखी एक फोन केला होता, मला न सांगता.

सर रिक्षातून आले. खांद्याला शबनम, बाह्या दुमडलेल्या. काचेपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आता म्हणतील, थांबा, आधी बघू. तसं म्हणाले असते तर मी त्या दिवशी त्यांच्या अंगावर गेलो असतो. बेसिनवरचा पातळ साबण त्यांनी मगात घेतला, थोडं पाणी घातलं आणि शबनममधून ती नळी काढली.

"सर, आत्ता हे न्हाई," मी म्हणालो.

"नाना, आज मी धरणार नाही. तुम्ही धरा. तुमचा हात सरळ आहे."

दवाखान्याच्या पॅसेजमधे, लोक बघतायत, खाली गाडी उभी, आणि मी नळी धरली. दोन्ही हातांनी, भिंतीच्या फरशीची रेघ बघून, अगदी ओळंब्यात. सरांनी फुंकून एक मोठा बुडबुडा केला, एक लहान. वरच्या तोंडावर अंगठा ठेवला.

"तोट्या तुम्हीच फिरवा."

मी बोटांनी फिरवल्या. बारका आक्रसला. माझ्या डोळ्यांपुढं, माझ्या सरळ हातात, तो आत आत गेला आणि संपला.

"छातीत असे बुडबुडे आहेत," सर म्हणाले. "लाखो. लहान-मोठे, एकमेकांना जोडलेले. आत ओल असते, तिचं कातडं त्यांना आवळतं. बारके मिटतात, त्यांची हवा मोठ्यांत जाते. मिटलेला परत उघडायला पहिली फुंकर लागते, प्रत्येक श्वासाला. ती पोर दमलीय, नाना. पोटातल्या शेवटच्या दिवसांत बाळाचं अंग स्वतःच एक साबणासारखं काहीतरी तयार करतं, त्यानं ते कातडं सैल होतं. ही त्याच्या आधीच निघून आली. डॉक्टरांनी तेच बाहेरून घातलंय. पांढरं."

"आन् बाटली?"

"तुमचा हौद आठवा. टाकी वर धरली आणि खोल बुडवली, बुडबुडा कुठं जड सुटायचा?"

"खोल."

"का?"

"वरचं पाणी दाबतं की."

मी हे बोललो आणि काचेआडच्या बाटलीकडं वळलो. नळीचं टोक पाण्याखाली होतं. हवेला बाहेर पडायचं तर तेवढं पाणी रेटून पडावं लागणार. म्हणजे तेवढा दाब नळीत कायम राहणार. म्हणजे पोरीच्या छातीत कायम राहणार, श्वास सोडला तरी, आणि बारके मिटायचे नाहीत. ती गळती नव्हती. मुद्दाम ठेवलेली वाट होती.

"जन्मभर बुडबुडा दिसला की तुम्ही माल बाजूला काढलात," सर हळू म्हणाले. "इथं उलटं आहे. इथं बुडबुडे थांबले तर धावायचं."

मी संतोषकडं बघितलं. "गाडी परत धाड."

मग डॉक्टरांकडं गेलो. माफी वगैरे मागितली नाही. विचारलं, "बाटलीतलं पाणी कमी झालं तर? नळी वर राहील." ते म्हणाले, दर शिफ्टला बघतो आजोबा. "मी पन बघतो," मी म्हणालो.

काचेसमोरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. बाटली खळखळत होती. सर बोलले, माझ्याकडं न बघता.

"आमचा थोरला असाच आला होता. सातव्यात. तेव्हा आपल्याकडं हे औषध नव्हतं, ही बाटली नव्हती. डॉक्टर म्हणाले, छाती उघडत नाही. का उघडत नाही, मी विचारलं. त्यांना वेळ नव्हता. मी विज्ञानाचा मास्तर, आणि मला माहीत नव्हतं. त्याची आई मला विचारायची. मी शोधत बसलो."

मी बाटलीकडं बघत राहिलो. तेही तिकडंच बघत होते.

नात, आमची ईश्वरी, घरी आली. आज ती जिना चढताना माझ्या पुढं असते. बारशाला सरांनी तिला चांदीचं वगैरे काही दिलं नाही. गॅलरीत उभं राहून तिच्या पाळण्यावर बुडबुडे सोडत बसले. पवार भाऊंनी संधी साधून मला विचारलंच, "काय नाना, आता तरी नळी सरळ का?" मी म्हणालो, "दवाखान्यात मी धरली म्हणून सरळ. बाकावर तिरकीच व्हती." सर हसून म्हणाले, "असेल, असेल."

गेल्या वर्षी सरांची स्वतःची फुप्फुसं आक्रसत गेली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. सुषमा नाशिकहून येऊन राहिली. पुढं आठवडाभरात सर गेले. ते मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते मी त्यांना शेवटचं बघितलं त्या संध्याकाळचं.

पाठीला तीन उश्या लावून बसवलं होतं. शर्ट पांढराच, बाह्या दुमडलेल्या, खिशाला ड्रॉपर. नाकाला नळी. मशीनला पाण्याची एक छोटी बाटली असते, हवा तिच्यातून ओली होऊन येते. ती त्यांच्या पाठीमागं होती, त्यांना दिसत नव्हती.

"नाना, बघा," म्हणाले. एका श्वासात दोन शब्द. "बुडबुडे चालू आहेत ना?"

"चालू हायेत, सर."

"कसे?"

मी वाकून नीट बघितलं. "संथ. एकामागं एक. बारके."

त्यांना बरं वाटलं. मी बसलो. बराच वेळ तो आवाज ऐकला.

"सर, एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी बाकावर... नळी सरळ व्हती."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग ओठ हलले.

"थोडी तिरकी होती, नाना."

"न्हाई. सरळ व्हती."

"तिरकी."

"सरळ व्हती म्हनतो ना मी! माझा डोळा हाय!"

सुषमा आतून धावत आली. "नाना, अहो, बाबा दमतात." सर दमले होते खरे, पण हसत होते. छातीतून आवाज येत होता आणि तरी हसत होते. त्यांनी बोट वर केलं. भिंतीला खिळ्यावर ती नळी टांगलेली होती. सुषमानं काढून माझ्या हातात दिली.

"धरून बघा," सर म्हणाले.

मी दारातून मागं वळून बघितलं, तेव्हा त्यांचं तोंड खिडकीकडं होतं आणि पाठीमागं बाटलीत बुडबुडे येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मगात शाम्पू कालवला, ईश्वरीला घेऊन गॅलरीत बसलो आणि नळी दोन्ही हातांत गजाच्या रेघेशी जुळवून धरली. एक मोठा बुडबुडा केला, एक बारका. वर अंगठा ठेवला.

"आता मी वाट उघडणार. हवा कुठून कुठं जाईल, सांग."

"मोठा बारक्याला देणार," ती म्हणाली. लगेच. खात्रीनं. हनुवटी वर करून, अगदी माझ्यासारखी.

"थांब," मी म्हणालो, "आधी बघू."